शिडाच्या नावेची पुंगळी

सातारा जिल्ह्याला समुद्र नाही. तरीही शिडाच्या नावेतून एकट्या भारतीय माणसानं पृथ्वीप्रदक्षिणा घालावी, हा ध्यास घेतलेले व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी निवृत्तीनंतर राहिले ते फलटण तालुक्यातल्या विंचुर्णीत. पावसाकडे डोळे लावून बसणाऱ्या मुलखात बसून त्यांनी सातासमुद्राचे बेत केले आणि तडीसही नेले. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांनी 56 फुटी ‘म्हादेई’ बांधली आणि तिच्यातून दिलीप दोंदे एकट्यानं 2009च्या ऑगस्टात मुंबईहून निघून 2010च्या मे महिन्यात जगाला वळसा घालून परत आले.

शिडाची नाव म्हटली की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे फक्त वारा आणि पांढरं शीड येतं. तिच्या पोटात चांगलं दणदणीत डिझेल इंजिन असतं, हे कुणी सांगत नाही. बंदरात शिरायचं, बंदरातून निघायचं, वारा पडला तर पुढे सरकायचं, बॅटरी चार्ज करायची, सगळी हमाली त्याच्याकडे. फोटो मात्र शिडाचा. आणि इंजिन आलं की सायलेन्सर आला. नाव जुनी असेल तर तो गळणारही.

आता गळका सायलेन्सर बदलणं हे काम सातारा-सांगलीच्या रस्त्यावर सांगून बघा. इथं तरणी पोरं चांगला सायलेन्सर काढून पदरचे पैसे घालून बुलेटला दणदणीत आवाजाची पुंगळी बसवतात. आवाज कमी करायचा म्हणून कुणी गॅरेजात आलं, तर मिस्त्री आधी त्याची तब्येत विचारील. अमेरिकेतल्या रीव्ह्ज बंधूंनी 1897 साली इंजिनाचा आवाज दाबण्याचं पेटंट घेतलं. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला 120वा नियमही गाडीला सायलेन्सर हवाच म्हणतो. पुंगळीवाल्यांपर्यंत यातलं काही पोचलेलं नाही. त्यांच्यापर्यंत पोचतो तो पोलिसांचा रोडरोलर. जप्त पुंगळ्या ओळीनं मांडून त्यावर तो फिरवतात, आणि पेपरात फोटो येतो.

नावेचं प्रकरण वेगळं. मोटारीचा सायलेन्सर बाहेर वाऱ्यावर लोंबतो, फुटला तरी कान किटण्यापलीकडे सहसा काही होत नाही. नावेचा सायलेन्सर आत, बऱ्याचदा झोपायच्या बाकाखाली. तापलेला धूर घरातून न्यायचा म्हणजे आग लागायची. म्हणून समुद्राचं पाणी आत ओढून आधी इंजिन थंड करण्याच्या कामी लावतात आणि मग तेच पाणी धुराच्या नळीत सोडतात. धूर इतका निवतो की पुढे साधा रबरी होज चालतो. पाणी सायलेन्सरच्या डब्यात साचतं आणि मागून येणारा धूर त्याला ढकलत नावेच्या मागच्या बाजूनं बाहेर थुंकतो. थोडक्यात गुडगुडीच, फक्त ओढणारा कुणी नाही.

खारं पाणी, उष्णता आणि डिझेलच्या धुरातलं आम्ल हे तिघं एकत्र आले की लोखंडाचा डबा किती टिकणार? आधी सांध्याशी मिठाची पांढरी खपली धरते, शेजारी काजळीचा ओघळ दिसतो, मग तळाशी पाणी साठू लागतं. पाणी निदान दिसतं तरी. त्याच भोकातून येणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. बंद केबिनमध्ये तो झोपलेल्या माणसाला उठू देत नाही. इथं विनोद थांबतो आणि पाना हातात घ्यावा लागतो.

समजा, असा डबा सांगलीच्या कुपवाड एमआयडीसीतल्या एखाद्या मिस्त्रीपुढे आणून ठेवला. ज्या जिल्ह्यात 1910 साली किर्लोस्करवाडी उभी राहिली, तिथला माणूस लोखंडाला बुजत नाही. तो डबा हातात घेऊन हलवील, आतलं पाणी स्वतःच्या चपलेवर सांडून घेईल आणि म्हणेल, “साहेब, सायलेन्सरात पाणी गेलंय बगा.”

“मिस्त्री, ते आपणच सोडतो.”

मिस्त्री साहेबांकडे नीट बघून घेतो. मग टोकदार हातोडीनं पत्रा ठोकतो, हातोडी आरपार जाते. “ह्याला वेल्डिंग धरायचं न्हाई. एक भोक बुजवाया गेलो तर चार पडत्याली.” निदान अचूक. असा कुजका पत्रा सांधण्यापेक्षा फायबरचा नवा डबा बसवणं शहाणपणाचं. त्याला गंज नावाचा प्रकारच नाही.

नवा डबा आणणं सोपं, जुना निघणं अवघड. वर्षानुवर्षं तापून होज नळीला असा चिकटतो की ओढून निघत नाही. तो पात्यानं लांबीत चिरायचा आणि नवाच घ्यायचा. क्लॅम्पचे स्क्रू गंजून गोल झालेले. आणि हे सगळं पोटावर पडून, एक हात आत, बॅटरी दातात, कारण नाव बांधणाऱ्यानं आधी सायलेन्सर ठेवला आणि मग त्याभोवती नाव बांधली असावी, अशी शंका येण्याजोगी जागा.

बसवल्यावर चाचणी. इंजिन पहिल्या झटक्यात लागलं नाही म्हणून उसाच्या ट्रॅक्टरसारखा स्टार्टर मारत राहिलं, तर पंप पाणी ढकलतच राहतो, ते बाहेर फेकायला धूर नसतो. डबा भरतो आणि पाणी उलटं सिलिंडरात शिरतं. मग खर्च सायलेन्सरचा राहत नाही, इंजिनाचा होतो. म्हणून इंजिन आढेवेढे घेत असेल तर पाण्याचा कॉक आधी बंद, आणि इंजिन लागलं की लगेच उघडायचा. तो उघडायला विसरलं, तर पंपाचं रबरी चाक जळतं, आणि गरम धुरानं नवा होजही. मिस्त्रीचं बिल तेव्हा दोन्हीचं येतं.