आकडेमामा

म्हैसूरच्या लष्कर मोहल्ल्यात, अशोका रोडच्या आतल्या एका गल्लीत आकडेमामा राहतात. ते नात्याने कोणाचेच मामा नाहीत. सरकारी हिशेबखात्यात उभी हयात गेली, पण तिथे आकडे नुसते मिळवायचे असत, त्यांच्याशी बोलायला वेळ मिळत नसे. ती भूक निवृत्तीनंतर उसळली.

वाण्याने २९७ रुपयांचं बिल दिलं की मामा आधी त्याचा वर्ग करतात. ८८२०९. मग ८८ आणि २०९ मिळवतात, आणि पुन्हा २९७! "कापरेकर संख्या आहे ही, कळतंय का तुला?" वाणी शांतपणे म्हणतो, "सार, दुड्डु? पैसे?"

देवळालीच्या शाळेत गणित शिकवणारे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर हे मामांचं कुलदैवत. कोणतीही चार अंकी संख्या घ्या, फक्त चारही अंक एकच नकोत. अंक उतरते मांडा, चढते मांडा, वजाबाकी करा आणि असंच करत राहा. फार तर सात पायऱ्यांत ६१७४ येतेच. मामींना हे लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात पाठ झालं होतं.

पण मामांचा जीव अडकलाय तो आमच्या पिनकोडात, ५७०००१ मध्ये. ही मूळ संख्या आहे हे त्यांनी स्वतः भाग घालून ठरवलं. ७५५चा वर्ग ५७००२५, म्हणजे ७५१पर्यंतच्या मूळ संख्या तपासल्या की झालं. अशा संख्या १३३. एकोणीस तीस हजार वेळा सुरेख बसला आणि बाकी उरली एक. एकोणीसशी मामा अजून नीट बोलत नाहीत. पुढे भावांनी घराची वाटणी मागितली, तेव्हा मामा या भागाकारांची डायरी घेऊन वकिलाकडे गेले: "या पत्त्याला भागच जात नाही!" वकिलाने सगळं ऐकून घेतलं आणि फी सांगितली. मामांनी फीचे अवयव पाडले.

मग एकदा त्यांनी पिनकोडाला कापरेकरांची वजाबाकी लावली. ७५१०००मधून १५७ गेले, ७५०८४३ उरले. पुढे ८४०८५२, ८६०८३२, ८६२६३२, ६४२६५४, ४२०८७६, ८५१७४२, आणि परत ७५०८४३! सहा अंकांना ६१७४सारखं एकच घर नसतं, हे मामांना ठाऊक होतं. पण आपलाच पिनकोड असा गरगरत राहावा? त्या रात्री ते जेवले नाहीत. सकाळी मात्र चेहरा उजळलेला. त्या फेऱ्यात ५७०००१ पुन्हा कधीच येत नाही, हे त्यांच्या ध्यानात आलं होतं. थोरला मुलगा बंगळूरला गेला तो परत का येत नाही, याचं कारण ते आता पाहुण्यांना कागदावर मांडून दाखवतात. मामी तेवढ्यात कॉफी आणतात आणि आत जाऊन थोरल्याला फोन लावतात.

गल्लीत आलात तर मामांना खुशाल भेटा, पण आपला मोबाईल नंबर सांगू नका. दहा अंकी संख्या मूळ आहे का ते ठरवायचं तर जवळपास लाखापर्यंत भाग घालावे लागतात, आणि मामा कॅल्क्युलेटर वापरत नाहीत.