आजीचे गुडघे

रामायण घडलं उशिरा झालेल्या मुलांमुळे आणि महाभारत घडलं लवकर झालेल्या मुलामुळे. त्यामुळे मूल लवकर व्हावं की उशिरा, या वादात पुराणांचा दाखला काढला की दोन्ही पक्षांच्या हाती दारूगोळा लागतो. विश्वामित्र रामाला न्यायला येतात तेव्हा दशरथ काकुळतीला येऊन सांगतो, माझं वय साठ हजार वर्षं आहे हो, फार कष्टानं झालाय हा मुलगा. पोराला अजून सोळा पुरी नाहीत, एवढा धनुर्धर, गुरुजींबरोबर निघालाय. आणि वडील म्हणतात, त्यापेक्षा मीच येतो, सैन्यही आणतो. उशिरा बाप झालेल्या माणसाचं सगळं मानसशास्त्र यात आलं. हेच गृहस्थ हल्ली शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रात्री अकरा वाजता 'सहलीच्या बसला सीटबेल्ट आहेत ना?' असं विचारतात.

कुंतीचं उलट. मंत्र चालतो का ते बघायला गेली आणि कर्ण पदरात पडला. लग्न नाही, घर नाही, सांभाळायला कुणी नाही. पेटी आणि नदी, एवढीच सोय. पण मला या सगळ्यांत जवळची वाटते ती गांधारी. दिवस राहून दोन वर्षं झाली तरी सुटका होईना, आणि तेवढ्यात रानातून निरोप आला की कुंतीला मुलगा झाला. बाईनं स्वतःच्या पोटावर घाव घालून घेतला. मग व्यासांनी धावपळ करून तुपाच्या घागरींतून शंभर मुलगे आणि एक मुलगी वाढवली. जावेची गोड बातमी आधी आल्यामुळे घराण्याचं वाटोळं झाल्याचं याहून ठळक उदाहरण मला माहीत नाही. एवढ्या सगळ्या काळात धृतराष्ट्राला कुणी त्याचं वय विचारल्याचा उल्लेख नाही.

आमच्या आजीच्या पिढीत हा वादच नव्हता, कारण एकाच बाईला लवकर आणि उशिरा, दोन्ही व्हायची. आजीला पहिलं मूल सतराव्या वर्षी आणि शेंडेफळ चाळिशी उलटल्यावर. मधली जागाही तिनं रिकामी ठेवली नव्हती. आमचा धाकटा काका आमच्या थोरल्या आतेभावापेक्षा वयानं लहान. मामा-भाचे एकाच शाळेत, आणि भाच्यानं पाटी फोडली म्हणून मामा रडत घरी. वाड्यात माय-लेकी एकदमच बाळंतीण. शेगडी एक, धुरी एक, अळिवाच्या लाडवांचा डबा एक. कुणाचं पोर कुणाच्या मांडीवर आहे याची चौकशी फक्त दूध पाजायच्या वेळी व्हायची.

हे फार रम्य होतं असं कुणी सांगायला लागलं की मी विषय बदलते. आनंदीबाई जोशी चौदाव्या वर्षी आई झाल्या आणि मूल दहा दिवसांत गेलं. १८९१ मध्ये संमतिवयाच्या कायद्यावरून पुण्यात केवढं रणकंदन झालं, ते दहाचं बारा करण्यावरून. आज आमच्या बिल्डिंगमध्ये एखादीला पंचविसाव्या वर्षी दिवस राहिले तर लिफ्टमध्ये बायका 'इतक्यात?' म्हणतात, आणि पस्तिसाव्या वर्षी राहिले तर 'झालं का एकदाचं!' म्हणतात. माझ्या हिशोबानं या दोन्हींच्या मध्ये साधारण चार महिन्यांचा एक पट्टा असतो, ज्यात मूल झालं तर कुणीच काही म्हणत नाही. तो कुणाला गाठता आल्याचं ऐकिवात नाही.

मूल कधी, हे ज्याचं त्यानं ठरवावं, असं आपल्याकडे मोठ्यानं सांगणारा माणूस निघाला गणिताचा प्राध्यापक. र. धों. कर्व्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, त्यापायी कॉलेजातली नोकरी गमावली आणि १९२७ पासून मरेपर्यंत 'समाजस्वास्थ्य' चालवलं. स्वतः मूल होऊच दिलं नाही, त्यामुळे 'लवकर की उशिरा' या भानगडीत ते पडले नाहीत. त्यांचे वडील, म्हणजे महर्षी, रघुनाथाच्या जन्मावेळी तेवीस वर्षांचे होते. पुढे ते एकशेचार वर्षं जगले. मुलगा १९५३ मध्ये गेला, त्यानंतर नऊ वर्षं. 'लवकर मूल झालं की म्हातारपणी आधार होतो' हा सिद्धांत मांडणाऱ्यांनी हे उदाहरण टाळलेलं बरं.

आमच्या घरी या वादाचे दोन्ही पक्ष दर दिवाळीला एकाच टेबलावर फराळाला बसतात. माझ्या नणंदेला, म्हणजे ताईंना, बाविसाव्या वर्षी मुलगा झाला. मला अडतिसाव्या वर्षी मुलगी झाली. ताईंचा चिरंजीव ऐरोलीला नोकरी करतो आणि माझी लेक सीनियर केजीत आहे. ती त्याला दादा म्हणते. अनोळखी माणसं त्याला तिचा बाबा समजतात आणि आम्हां नवरा-बायकोला काय समजतात ते मी इथे लिहीत नाही.

"मी सुटले गं!" हे ताईंचं दिवाळीतलं पहिलं वाक्य. "तू पन्नाशीला दहावीचे क्लास शोधत फिरशील, मी अष्टविनायक करीन."

"पण मी आधी जगून घेतलं, ताई. लडाख पाहिलं."

"मीही पाहिलं की, परवाच. मुलानं तिकिटं काढून दिली."

इथे माझा मुद्दा पडतो. शिवाय मी तिशीत पाहिलेल्या लडाखपैकी बराचसा भाग लेहच्या हॉटेलात ऑक्सिजनची नळी लावून पाहिला होता, हे नवरा नेमकं याच वेळी सगळ्यांना सांगतो. पण ताईंच्या विशीतला असा एकही फोटो नाही ज्यात त्यांच्या कडेवर पोर नाही. मैत्रिणीच्या लग्नात आहे, कोल्हापूरला रंकाळ्यावर आहे, बी.ए.ची पदवी घेताना स्टेजवर जाण्यापुरतं ते कुणाच्या तरी हातात दिलेलं आहे, आणि तिथून भोकाड पसरलेलं दिसतंय. एम.ए. राहून गेलं. ते त्या आता मुक्त विद्यापीठातून करतायत. फॉर्म मुलानंच भरला आणि 'पालकाचा मोबाइल नंबर' या रकान्यात सवयीनं ताईंचाच घातला.

माझ्या पक्षाची लंगडी बाजू म्हणजे बेरीज-वजाबाकी. नवरा राज्य सरकारी नोकरीत, निवृत्ती अठ्ठावन्नाव्या वर्षी. लेक झाली तेव्हा तो चाळीस वर्षांचा. म्हणजे त्याची शाल-श्रीफळ आणि तिचा बारावीचा निकाल एकाच वर्षी येणार, आणि पेढे नक्की कशाचे हे शेजाऱ्यांना कळणार नाही. त्यात राज्यानं जुनी पेन्शन ठेवली ती १ नोव्हेंबर २००५ च्या आधी लागलेल्यांना. हा डिसेंबरात लागला. उशीर आमच्या घरात मुलीमुळे आलाय असं कुणी समजू नये, तो आधीपासून इथेच राहत होता.

डॉक्टर मंडळी मात्र तारखांच्या बाबतीत कडक असतात. मुलगी जन्माला येते तीच दहा ते वीस लाख बीजांडं घेऊन. वयात येईपर्यंत त्यांतली तीन-चार लाख उरतात. आणि पस्तिशीनंतर उताराला वेग येतो. शरीरानं हे वेळापत्रक आखताना प्रमोशन, फ्लॅटचा ताबा आणि नवऱ्याचं 'पुढच्या वर्षी बघू' यांपैकी कशाचाही विचार केलेला नाही. पस्तिशीनंतरच्या पहिलटकरणीच्या फाइलवर 'एल्डरली' असा शेरा पडतो. माझ्या फाइलवर तो पडला त्याच आठवड्यात ऑफिसनं मला 'यंग लीडर्स' नावाच्या प्रशिक्षणाला पाठवलं होतं. दोन्हीकडे सही मीच केली.

आता विज्ञान मदतीला आहे, हे खरं. परळच्या केईएममध्ये डॉ. इंदिरा हिंदुजांच्या प्रयत्नांतून ६ ऑगस्ट १९८६ रोजी टेस्ट ट्यूब बाळ जन्माला आलं तेव्हा पेपरांत पहिल्या पानावर बातमी होती. आज गावोगावच्या एस.टी. स्टँडसमोर त्या उपचारांच्या पाट्या आहेत, आणि पाटीवरचं बाळ बहुतेक ठिकाणी परदेशी आहे. बीजांडं गोठवूनही ठेवता येतात. एकेकाळची विश्वसुंदरी डायना हेडन गोठवलेल्या बीजांडातून २०१६ मध्ये, चाळिशी ओलांडल्यावर, आई झाली. ही बातमी मी सासूबाईंना मोठ्या उत्साहानं वाचून दाखवली होती. त्यांनी शांतपणे ऐकून एकच प्रश्न विचारला, "आणि लाइट गेले तर?" बीजांडं द्रव नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंशांवर ठेवतात, लाइटवर अवलंबून नसतं, हे मी समजावलं. त्यांचा विश्वास बसला नाही. ज्या बाईनं भारनियमनाच्या काळात विरजण सांभाळलंय तिला तुम्ही काही पटवून देऊ शकत नाही.

२०२१ च्या कायद्यानं या उपचारांना वयाची मर्यादा घातली: बाईला पन्नास, पुरुषाला पंचावन्न. पाच वर्षांची ही सवलत कुणाला सुचली असेल ते आपण ताडू शकतो. बापाच्या वाढत्या वयाचाही बाळावर परिणाम होतो, असं वैद्यकशास्त्र अलीकडे सांगू लागलंय, पण ते नातेवाइकांपर्यंत पोहोचलेलं नाही. लग्नकार्यात भेटणाऱ्या यच्चयावत काकू मला कोपऱ्यात घेऊन वय विचारायच्या. नवऱ्याला तेच लोक बदली कुठे झाली हे विचारायचे.

तर सांगायचं ते हे, की इतकी वर्षं या वादात सगळे आईचं वय मोजतायत आणि तिथेच घोळ आहे. मोजायचे असतात ते आजीचे गुडघे.

ताईंचा मुलगा झाला तेव्हा सासूबाई बेचाळीस वर्षांच्या होत्या. पोराला कडेवर, पिशवीत भाजी आणि हातात दुधाची बरणी घेऊन त्या चाळीचे तीन जिने चढायच्या, वर येऊन त्याला तेल लावायच्या, गुटी उगाळायच्या आणि मग सुनेला सासुरवास करायला वेळ मिळाला नाही म्हणून हळहळायच्या. ती सून म्हणजे मी, तेव्हा अजून आलेच नव्हते. ताई लवकर सुटल्या, त्यातलं निम्मं सुटणं या गुडघ्यांवर होतं. माझी मुलगी झाली तेव्हा सासूबाई बासष्टच्या. लेकीनं पहिलं पाऊल टाकलं त्याच महिन्यात त्यांनीही टाकलं, नव्या गुडघ्यावर. फिजिओथेरपीच्या बाई घरी येत. त्या "शाब्बास, अजून एक!" म्हणाल्या की दोघी उठत, दोघी बसत. वॉकरवरून भांडण व्हायचं.

महाराष्ट्राचा प्रजनन दर १.७ वर आला असं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी सांगते. अभ्यासक शिक्षण सांगतात, शहरीकरण सांगतात, घरांच्या किमती सांगतात. २०१७ मध्ये केंद्र सरकारनं कृत्रिम गुडघ्यांच्या किमतींवर मर्यादा घातली, ती मात्र लोकसंख्येच्या चर्चेत कुणी धरत नाही. माझ्या मते धरायला हवी.

माहेरचा पर्याय होता. आई नाशिकला. पहिलं बाळंतपण माहेरी, या रीतीची मी तिला आठवण करून दिली. ती म्हणाली, "ती रीत विशीतल्या मुलींसाठी. तुला बीपी, मला बीपी. कुणी कुणाला डिंकाचे लाडू करायचे?" शेवटी लाडू बाबांनी नाशिकच्या एका गृहउद्योगातून आणले, डिंक कमी होता, पण ते बोलायची सोय नव्हती.

गेल्या दिवाळीत या वादाचा निकाल लागला, असं मी समजते. ताई मुलाला म्हणाल्या, "लग्न ठरतंय तर पोराबाळाचंही लवकर उरकून घे रे. माझ्यासारखं. मोकळा होशील."

तो म्हणाला, "चालेल. तू सांभाळशील?"

टेबलावर फक्त चकली मोडल्याचा आवाज आला. सत्तेचाळीस वर्षांच्या, दोन्ही गुडघे शाबूत असलेल्या ताई थोडा वेळ अनारशाकडे बघत बसल्या. मग म्हणाल्या, "माझी एम.ए.ची परीक्षा आहे." सासूबाईंनी आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे बघून डोळा मारला.

ताईंना मी दोष देत नाही. त्यांची विशी त्या आत्ता वसूल करतायत, आणि ती नातवाला देऊन टाका असं सांगायचा अधिकार कुणाला आहे? सरकारनं आपल्या परीनं केलंय. २०१७ पासून प्रसूतीची रजा सव्वीस आठवडे झाली, आणि पन्नास किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे पाळणाघराची सोय हवी असं कायदा म्हणतो. आमच्या ऑफिसात ती खोली आहे. दारावर बदकाचं चित्र आहे. आत जुने मॉनिटर सांभाळले जातात, आणि त्यांची निगा चांगली आहे.

तेव्हा वाचकहो, लवकर की उशिरा यावर मला पत्रं पाठवू नका. दोन्ही बाजू मला तोंडपाठ आहेत. ठाणे स्टेशनपासून चालत जाता येईल असं, रात्री साडेआठपर्यंत उघडं राहणारं, आणि लोकल लेट झाली म्हणून आईचा पाणउतारा न करणारं पाळणाघर कुणाच्या माहितीत असेल, तर मात्र जरूर कळवा. दोन जागा असतील तर उत्तम. ताईंच्या मुलाचं लग्न ठरलंय.