मागे कोण धावतो?

"काका, ते पाणी घालणं राहू द्या जरा! काल आइस हॉकीवरून ग्रेट्झकी ग्रेट्झकी करून आमच्या ह्यांचं डोकं खाल्लंत म्हणे."

"खाल्लं तर खाल्लं! १९८३-८४ मध्ये संघात एक माणूस कमी असताना बारा गोल मारले त्यानं. हा डिफेन्स नव्हे?"

"ती पाकीटमारी हो! टपून बसायचं, पक मारायचा आणि पळायचं. मागचं निस्तरायला होता फिनलंडचा कुरी. १९८४-८५ ला त्यानं ७१ गोल केले, ते करून वर ही उठाठेव! नाव कुणाचं झालं?"

"आता फेडोरोव्ह काढणार तुम्ही."

"काढणारच. १९९३-९४, डेट्रॉइट. ५६ गोल, १२० गुण, आणि त्याच वर्षी सर्वात मोलाच्या खेळाडूची हार्ट ट्रॉफीही त्याची, उत्तम बचाव करणाऱ्या फॉरवर्डची सेल्कीही त्याची. आक्रमण आणि बचाव, दोन्हीकडे अव्वल! तुमच्या क्लार्ककडेही दोन्ही ट्रॉफ्या आहेत, पण वेगवेगळ्या वर्षांच्या. सोव्हिएत प्रशिक्षक टिखोनोव्हच्या तालमीतला ना फेडोरोव्ह. तिथे पाच जण मिळून पुढे, पाच जण मिळून मागे."

"मग आपला गेनी? पहिल्या चारही सेल्की त्याच्या, १९७८ ते ८१."

"गेनी मान्य, पण गोलांसाठी कोण बघायचं त्याला? माझं म्हणणं, ज्याला मागे धावायची गरज नाही तो धावतो का ते बघा. आयझरमन धावला. १९८८-८९ ला १५५ गुण करणारा माणूस, बोमन प्रशिक्षक म्हणून आल्यावर बदलला आणि २००० ला सेल्की घेऊन बसला."

"आणि तुमचा तो डाट्सूक?"

"अहाहा! मांजरासारखा मागून यायचा. समोरच्याच्या स्टिकखाली आपली स्टिक सरकवून जराशी उचलली, की पक ह्याचा. धक्का नाही, शिट्टी नाही. म्हणून तर २००८ आणि २००९ ला सेल्कीसोबत सभ्य खेळाची लेडी बिंगही त्याच्याच घरी."

"सगळे रशियन! सहा सेल्की मात्र क्युबेकच्या बर्जरॉनच्या."

"हळू बोला, टोरांटोत राहतो आपण! २०१३ च्या प्लेऑफमधला त्याच्या संघाविरुद्धचा सातवा सामना विसरलात? तिसऱ्या पिरियडमध्ये आपले लीफ्स ४-१ नं पुढे. शेवटच्या मिनिटात बरोबरी केली ती त्यानं, आणि ओव्हरटाइमचा गोलही त्याचाच. आमचे हे दोन दिवस धड जेवले नाहीत."

"म्हणून त्याला मत नाही?"

"मत आहे हो. ह्यांना सांगू नका म्हणजे झालं."