एक्स्प्लोररसाहेबांना मुदतवाढ

इंटरनेट एक्स्प्लोररसाहेब १५ जून २०२२ रोजी सेवानिवृत्त झाले. दक्षिण कोरियातल्या ग्योंगजू शहरात एका अभियंत्याने पदरमोड करून त्यांचं थडगं उभारलं आणि त्यावर कोरलं, की दुसरे ब्राउझर डाउनलोड करायला हा उत्तम होता. इतका नेमका सेवागौरव आपल्याकडे कुणाच्या वाट्याला आलेला नाही. शोक करायला कोरियाइतका हक्काचा देशही दुसरा नाही. तिथल्या बँकांनी सुरक्षेसाठी ‘ॲक्टिव्हएक्स’ या तंत्राची कास धरली, ते साहेबांखेरीज कुठे चालेना, आणि सगळा देश वर्षानुवर्षं त्यांच्या दारात रांगेत उभा राहिला.

पण निवृत्ती ती कसली? मायक्रोसॉफ्टने साहेबांना ‘एज’ या नव्या ब्राउझरच्या पोटात ‘आयई मोड’ नावाची केबिन दिली आहे. निदान २०२९पर्यंत मुदतवाढ. त्यांच्या अनुभवाची खात्याला गरज आहे म्हणे.

त्या अनुभवाचा मासला पाहा. सहावी आवृत्ती २००१ साली रुजू झाली, सातवी यायला २००६ उजाडलं. मधल्या काळात तोडीचा स्पर्धकच उरला नव्हता, तेव्हा सुधारायचं कुणासाठी? वेबपानावर डावीकडे ‘फ्लोट’ केलेल्या चौकटीला डावीकडून दहा पिक्सेलचं मार्जिन मागा, साहेब वीस मंजूर करणार. उपाय काय, तर त्याच चौकटीला ‘डिस्प्ले इनलाइन’ लिहायचं. फ्लोटवर त्या ओळीचा नियमाने काडीचाही परिणाम होत नाही, त्यामुळे बाकीचे ब्राउझर तिच्याकडे ढुंकून बघत नसत. साहेबांचा पारा मात्र तेवढ्याने उतरे. का, ते विचारायचं नाही. पारदर्शक पीएनजी चित्रामागे ते राखाडी ठिगळ लावत, तेही निमूट झाकायचं. संकेतस्थळं बनवणाऱ्या कित्येकांची ऐन उमेद या उताऱ्यांत गेली, आणि बिलात त्याला रकाना नव्हता.

जुना ब्राउझर वापरणाऱ्याला हसणंही सोपं. तो बहुतेकदा कारकून असतो. मशीन ऑफिसचं, पासवर्ड आयटीवाल्यांकडे. नवा ब्राउझर टाकायची त्याला परवानगीच नाही. परवानगी ज्यांच्या हातात असते, ते टेंडर काढतात. त्यात अट क्रमांक चार: संकेतस्थळ अत्याधुनिक हवं. अट क्रमांक पाच: ते आयई ११वर चाललं पाहिजे. दोन्हींखाली सही एकाच हाताची.

ऑस्ट्रेलियातल्या कोगन या ऑनलाइन दुकानाने २०१२ साली बिलात रकाना घातलाच. आयई ७वरून खरेदी कराल तर ६.८ टक्के जादा कर: ती आवृत्ती बाजारात आल्यापासून दर महिन्याला ०.१ टक्का. प्रसिद्धीचा डाव होता, पण हिशेब चोख. आपल्याकडेही असा कर बसवायला हरकत नाही. सरकारी कार्यालयांना अर्थातच सूट मिळेल, आणि बाकीच्यांनी तो भरायचं पोर्टल फक्त एक्स्प्लोररमध्ये उघडेल.