बूच उभं राहू दे

(रिकामा रंगमंच. एक स्टूल. त्यावर पन्नाशीचा नाना. अर्धी पँट, डोक्याला टॉवेल. हातात बांबूची काठी, दोरा प्रेक्षकांत सोडलेला. शेजारी बादली आणि चपला.)

शूऽऽ! टाळ्या नकोत. मासा बुजतो.

(कुजबुजत) बूच हललं की मला खूण करा. ते काय, तिसऱ्या रांगेतल्या काकूंच्या पायाशी. काकू, अर्धा तास पाय हलवू नका हं.

आमच्या कर्जतला ह्याला गरवणं म्हणतात. काठी, दोरा, गळाला गांडूळ आणि वर बूच. बूच थरथरलं की समजायचं, मळ्या नुसतं गांडूळ कुरतडतोय. आमच्या साडूसारखा, जेवणार नाही, पण प्रत्येक पातेल्यात बोट घालणार. बूच सर्रकन बुडालं की ओढायचं. आणि आडवं पडलं की... (वाकून बघतो) आडवं पडलंय. म्हणजे गळ तळाला टेकला. पाणी उतरलं!

हा राजनाला. आमच्या उन्हाळी भाताचा कालवा. पण पाणी आमचं नाही बरं का! घाटावरच्या आंध्रा नदीचं. तिथून इंद्रायणी, मग आळंदी, मग भीमा, मग पंढरपूर, असं सरळ वारीला निघालेलं पाणी. टाटांनी ठोकरवाडीला धरण बांधून अडवलं, म्हणाले, माऊली, आधी नोकरी. १९२२ सालापासून भिवपुरीच्या पॉवरहाऊसवर कडा उतरून येतं, मुंबईची वीज करतं, पेज नदीत पडतं आणि दमूनभागून आमच्या कालव्यात. खालापूरकरांचंही तेच, खोपोलीला १९१५ पासून. त्यांची पाताळगंगासुद्धा अशाच कामावरून सुटलेल्या पाण्यावर बारमाही.

वाडीवरचा एक पोरगा शेजारी बसलेला. दहा वर्षांचा. काठी नाही, बूच नाही, दोरा नुसता बोटाला गुंडाळलेला. पिशवीत सात चिलाप्या! मी बाराशेची काठी लपवली. म्हणजे ही. बांबू आहे, पण बाराशेचा.

म्हटलं, ‘‘बाळा, मला का नाही लागत?’’

‘‘काका, तुम्ही उशिरा आलाव. आता पाणी सुटल्याबिगर नाय गावायचं.’’

‘‘कधी सुटतं?’’

‘‘मुंबैवाल्यांनी बटणं दाबली की.’’

(नाना थांबतो. हळूच खिशातून मोबाइल काढतो.)

हॅलो, अगं, पोचलीस का दादरला? ताईंकडे एसी लावलाय ना?... खिडकीतून छान वारा येतोय? वाऱ्यावर काय बसता! लाव एसी. दोन्ही खोल्यांत. गिझर पण... एप्रिल आहे ते मला माहितेय. तू लाव. इस्त्री लाव. मिक्सर लाव... काय घालू म्हणजे? पाणी घाल आणि फिरव!... डोक्यावर परिणाम नाही झालेला, डोक्यावर टॉवेल आहे. आणि हे बघ, शेजारच्यांनाही सांग. आख्ख्या चाळीला सांग, कर्जतच्या जावयाचा प्रश्न आहे!

(फोन मांडीवर. वाट पाहतो. टॉवेलने घाम पुसतो.)

अहो... उभं राहिलं! बूच उभं राहिलं! काकू, पाय! थरथरतंय... साडू, निघ तिथून... बुडालं! (काठी ओढतो, काठी वाकते) मरळ! मरळच आहे! केवढा जोर... (दोऱ्याच्या टोकाला चप्पल.)

माझीच आहे. (खाली बघतो. पाय वर घेतो.) पाणी इथवर आलं? बादली! ए, बादली धर! बाळा, हसतोस काय, दुसरी चप्पल बघ!

(स्टुलावर उभा राहतो. फोनवर) हॅलो! बंद करा! एसी बंद, गिझर बंद... मासा नाही गं, चप्पल... एकच!... शेजाऱ्यांना पण सांग, सगळ्यांना सांग, सगळं बंद करा!

(रंगमंचावर गुडुप अंधार. क्षणभर शांतता.)

नाटकाचे दिवे सोडून गंऽऽ!

(पडदा)