पट्टा कुणाला?

ब्रिटनच्या 'हायवे कोड'मधला नियम 57 सांगतो, गाडीत कुत्रा असेल तर त्याला हार्नेस, पिंजरा नाहीतर जाळी हवी. नुसता हा नियम मोडला म्हणून पावती फाटत नाही. गाडी ठोकलीत, की मात्र तोच नियम कोर्टात तुमच्या विरोधात उभा राहतो. माणसांना पट्टा थेट कायद्यानेच सक्तीचा. तरी जानेवारी 2023मध्ये पंतप्रधान ऋषी सुनक यांनी चालत्या गाडीत व्हिडिओसाठी तो काढला, आणि लँकेशायर पोलिसांनी पंतप्रधानांचीच पावती फाडली. दोन महिन्यांत त्यांची लॅब्रॅडॉर, नोव्हा, हाइड पार्कात मोकळी हुंदडताना दिसली. पोलिसाने नियम समजावल्यावर तिला पट्टा लागला. ढवळ्याशेजारी बांधलेल्या पवळ्याला गुण लागला म्हणावं, तर या घरात बांधलेलं कुणीच नव्हतं.