तणसावरचा मुक्काम

अमेरिकेतल्या माझ्या भाच्याने गेल्या वर्षी घर घेतलं. राहतं घर त्याला होतंच, हे दुसरं, चाकांवरचं. चोवीस फूट लांब. आत शेगडी, फ्रिज, न्हाणीघर आणि सहा जणांच्या झोपण्याची सोय. त्याला स्वतःचं इंजिन नाही, पुढे दांडगी गाडी जोडायची आणि ओढत न्यायचं. व्हिडिओ कॉलवर त्याने मला पडद्यांच्या कड्यांपासून नळाच्या तोट्यांपर्यंत सगळं फिरवून दाखवलं आणि विचारलं, "मामा, कसं वाटलं?"

मी मनापासून म्हणालो, "छान आहे. आपल्या ट्रॉलीसारखंच."

तिकडे काही क्षण नेटवर्क गेल्यासारखी शांतता पसरली.

मला त्याला खिजवायचं नव्हतं. आमचं गाव गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी मोरगाव तालुक्यात. धानाचा मुलूख. इथे ट्रॅक्टरमागची ट्रॉली वर्षभर काय काय वाहते ते विचारू नका. धानाचे पोते, विटा, रेती, घरावर घालायची कवेलू, आणि उन्हाळ्यात उकिरड्यावरचं शेणखत. पण महाशिवरात्रीच्या आदल्या दिवशी हीच ट्रॉली बोडीवर, म्हणजे लहान तळ्यावर, नेऊन धुतात. दोन माणसं आत उतरून खराट्याने घासतात. शेणखताचा वास पूर्ण जात नाही, पण तो आपला असतो म्हणून कोणी नाक मुरडत नाही. मग तळाला हातभर तणस, म्हणजे धानाचा पेंढा, अंथरायचं, त्यावर बारदान, त्यावर सतरंजी, त्यावर घरातल्या जुन्या वाकळी. दोन्ही बाजूंना बांबूच्या कमच्या वाकवून बांधल्या आणि वरून ताडपत्री ओढली की झालं घर. निघालो प्रतापगडला.

प्रतापगडची यात्रा आमच्याकडे लहानथोरांना ठाऊक. डोंगरावर महादेव, आणि त्याच दिवसांत तिथल्या दर्ग्याचाही उरूस. एकाच गर्दीत बेल आणि चादर दोन्ही विकायला असतात, आणि विकणारा बऱ्याचदा एकच असतो.

लहानपणी आम्ही खाचराने जायचो. ज्यांच्याकडे रेंगी होती ते रेंगीने. रेंगी म्हणजे माणसांना बसायची हलकी गाडी, वर तट्ट्याचं छप्पर, बैलांच्या गळ्यात घुंगरमाळा. रेंगी असणं म्हणजे त्या काळी मोटार असणं. आमच्याकडे नव्हती. आमचं खाचर भाताच्या ओझ्यासाठी केलेलं, त्यात बसलं की दर खड्ड्याला मणका मोजून घेता यायचा. संध्याकाळी जेवून निघालं की उजाडता उजाडता डोंगर दिसायचा. बैल रस्ता ओळखत असल्यामुळे धुरकरी निवांत झोपायचा. ड्रायव्हर झोपलेला असताना गाडी बरोबर मुक्कामाला पोचते, अशी सोय अजून अमेरिकेत पुरती झालेली नाही असं भाचाही कबूल करतो.

त्या खाचरात बसण्याचंही शास्त्र होतं. माणसं मागे जास्त झाली की गाडी उलाळते, जू बैलांच्या मानेवरून वर उठतं. पुढे जास्त झाली की सगळा भार बैलांच्या मानेवर येतो. म्हणून निघण्याआधी काका खाली उभे राहून जू हाताने उचलून बघायचे आणि हुकूम सोडायचे, "मोठ्या आत्याला थोडं समोर सरकवा." आत्या सरकायची, पुन्हा जू उचलून बघायचे. "आता डबा घेऊन मागं." आत्या रागवायची, पण सरकायची. पुढे भाच्याने मला सांगितलं की त्यांच्याकडेही हेच असतं. ट्रेलरच्या एकूण वजनाचा दहा ते पंधरा टक्के भार पुढच्या हूकवर यावा लागतो. कमी आला तर मागचं घर रस्त्यावर शेपटीसारखं हलायला लागतं आणि पुढच्या गाडीलाही घेऊन जातं. त्यासाठी त्याने वेगळा वजनकाटा विकत घेतला आहे. आमच्याकडे आत्या होती.

हौसेचं असं फिरतं घर पहिल्यांदा कोणी केलं, याचं उत्तर इंग्लंडमध्ये १८८५ सालात सापडतं. विल्यम गॉर्डन स्टेबल्स नावाचे आरमारातून निवृत्त झालेले डॉक्टर होते, मुलांसाठी साहसकथा लिहायचे. त्यांनी ब्रिस्टलच्या कारखान्यातून दोन घोड्यांनी ओढायची गाडी खास करवून घेतली आणि तिचं नाव ठेवलं 'वाँडरर'. तिच्यातून ते थेट स्कॉटलंडपर्यंत हिंडले. सोबत गाडीवान, एक नोकर आणि न्यूफाउंडलंड जातीचा मोठा कुत्रा. नोकर तीनचाकी सायकलवर पुढे जायचा, का, तर अरुंद रस्त्यावर समोरून येणाऱ्यांना आधीच सांगायला की मागून घर येत आहे. डॉक्टरसाहेबांना ही कल्पना सुचली ती जिप्सींच्या गाड्या बघून. म्हणजे ज्यांचं खरंच घर गाडीवर होतं त्यांना लोक गावाबाहेर थांबा म्हणत, आणि हौसेने गाडीत राहिलेल्या डॉक्टरांच्या प्रवासाचं पुस्तक निघालं. आमच्याकडेही गाडीलोहार येत, गावाबाहेर गाड्या सोडत, विळे-कुऱ्हाडी घडवून देत. त्यांना पर्यटक म्हणायचं कोणाच्या डोक्यात आलं नाही.

आता सरकारच्याही डोक्यात आलं आहे. महाराष्ट्राने २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण जाहीर केलं. चाकावरचं घर घ्या, हिंडा, मुक्कामाला जागा देऊ. धोरण वाचून मला नवेगावबांधच्या तलावाकाठी एक पांढरीशुभ्र गाडी उभी दिसायला लागली. कोलू पाटील कोहळी यांनी बांधलेला तो तलाव, भोवती सात बहिणींच्या टेकड्या, आणि काठावर चाकावरच्या घरात नागपूरचं एखादं कुटुंब कॉफी करत बसलंय. चित्र वाईट नाही. एवढंच वाटलं, की या तलावाच्या पाळीवर आम्ही ट्रॉली सोडून चहा करायचो तेव्हा ते पर्यटन आहे हे कोणी सांगितलं असतं, तर आम्ही जरा ऐटीत बसलो असतो.

मात्र एक गोष्ट स्पष्ट सांगून टाकतो. ट्रॉलीत माणसं बसवणं कायद्यात बसत नाही. ट्रॉली मालासाठी आहे, तिची नोंदणी वेगळी, एमएच ३५ ची पाटी वेगळी, आणि कायद्याच्या डोळ्यांना तणसावर बसलेली आजी हा माल नव्हे. कायदा बरोबरच आहे. दर यात्रेत, दर लग्नसराईत कुठेतरी ट्रॉली उलटल्याची बातमी येते आणि तेव्हा हसू येत नाही. आमच्या घरी आता लेकरांना एसटीने नाहीतर जीपने पाठवतात. मी सांगतोय ते आधीचं.

भाच्याच्या घरातली सगळ्यात अवघड गोष्ट पाण्याच्या टाक्यांची. एक टाकी चांगल्या पाण्याची, दुसरी धुण्याभांड्याच्या पाण्याची. तिसरी कशाची ते त्याने जरा आवाज खाली आणून सांगितलं. नव्वदीला टेकलेली आत्या माझ्या शेजारी बसून ऐकत होती. ती म्हणाली, "म्हनजे बाबू, परसाकडचं बी सोबतच घेऊन हिंडता?" त्याने सांगितलं की ते ठरलेल्या जागी नेऊन रिकामं करावं लागतं, नळीने, हातमोजे घालून. आत्याने बराच वेळ विचार केला. एवढ्या मोठ्या देशात जंगल कमी पडलं असेल, असं काहीतरी ती पुटपुटली.

पण खरा फरक मला फार उशिरा कळला. मी भाच्याला विचारलं, चालत्या गाडीत तुझी मुलं मागे त्या पलंगांवर झोपून येत असतील ना? तो दचकला. म्हणाला, "नाही मामा, चालू असताना ट्रेलरमध्ये कोणी बसायचं नसतं. आमच्याकडे बंदीच आहे." म्हणजे पलंग, गाद्या, पंखा, फ्रिज सगळं मागे रिकामं येतं, आणि माणसं पुढे सीटला पट्ट्याने बांधलेली. मुक्कामाला पोचेपर्यंत घर घर नसतं, सामान असतं. आमच्याकडे पुढे एकटा ड्रायव्हर, आणि मागे अख्खं घर: सतरा-अठरा माणसं, दोन तान्ही, एक भांडण, एक जुळत आलेलं लग्न. ट्रॉलीत बसलं की तोंड बहुधा मागे. पुढे काय येतंय ते ड्रायव्हरचं काम, आपण आपलं मागे सुटत जाणारं बघायचं. पळसाला फुलं आलेली असतात, बांध्यांमध्ये लाखोळी उभी असते, आणि गाव बारीक होत जाताना दिसतं.

आणि वाट चुकली तरी आपल्याला सगळ्यात शेवटी कळतं, हा केवढा निवांतपणा.

एकदा तर ट्रॅक्टरच निघून गेला. चहासाठी थांबलो होतो. ड्रायव्हरने ट्रॉली सोडली, डिझेल भरून आणलं, पुन्हा हूक जुळवला, पिन घातली. पिनेला खालून अडकवायची किल्ली मात्र राहिली. ट्रॅक्टर निघाला, पहिल्याच गचक्याला पिन उडाली आणि आम्ही जागच्या जागी. ट्रॉलीचा दांडा धप्पकन जमिनीला टेकला आणि आम्ही सगळे तणसासकट पुढच्या फाळक्याशी गोळा झालो. ट्रॅक्टरवर टेप मोठ्याने चालू होता. ड्रायव्हर एकटाच मान डोलावत दूर दूर गेला. पुरुष ओरडत धावले. आजी तेव्हा होती. तिने डोक्यावरचं तणस झटकलं आणि म्हणाली, "जाऊ द्या नं गा. आपल्याबिगर थो जाईल कोठी? तवरक आनखी येक चाय मांडा."

दुसरा कप होईपर्यंत तो खरंच परत आला. त्याचं म्हणणं, ट्रॅक्टर फारच चांगला ओढतोय म्हणून त्याला संशय आला.

पुढे जाणं कोणालाही जमतं, ट्रॉलीचा खरा कस मागे घेताना. स्टिअरिंग डावीकडे फिरवलं की ट्रॉलीचं ढुंगण उजवीकडे जातं. बैलांचा प्रश्न सोपा होता. त्यांना मागे चालायचं मान्यच नव्हतं, त्यामुळे खाचर मागे घ्यायचं तर बैल सोडून माणसांनी ढकलायचं. ट्रॅक्टरला मागचा गिअर आहे, त्यामुळे प्रयत्न करावा लागतो. भाचा रिकाम्या मैदानात महिनाभर सराव करत होता. त्याला कोणी युक्ती सांगितली: हात स्टिअरिंगच्या तळाला धरायचा, मग मागचं घर जिकडे न्यायचं तिकडेच हात न्यायचा. युक्ती चांगली आहे. आमच्या ड्रायव्हरची युक्ती वेगळी होती, तो सगळ्या बायकांना गप्प बसायला सांगायचा.

त्याची परीक्षा झाली एका परतीच्या प्रवासात. रात्रभर यात्रा बघून झाली होती. सकाळी नाल्याकाठी गोवऱ्यांचा आर केला, पळसाच्या पानांत पानगे लपेटून भाजले, वांग्याची भाजी, आणि भात. भातावाचून आमच्याकडे पारणं फिटत नाही. जेवून सगळे ट्रॉलीत चढले आणि काकूने नेहमीप्रमाणे डोकी मोजली. एकोणीस. जातानाही एकोणीस. निघालो. दोनेक किलोमीटर गेल्यावर तिला शंका आली, कारण धाकटा काका आदल्या रात्रीच पाहुण्यांकडे उतरला होता. म्हणजे अठरा हवेत. पुन्हा मोजलं, एकोणीसच.

मागच्या कोपऱ्यात, तणसात कानापर्यंत पुरलेला, सात-आठ वर्षांचा एक पोरगा गाढ झोपला होता. आमच्या गावचा नव्हता. ट्रॉली थांबली. रस्ता एका गाडीचा, दोन्ही बाजूंना बांध्या, आणि वळायला जागा नाही. ड्रायव्हरने मागे घ्यायचा प्रयत्न केला. पहिल्यांदा ट्रॉली बांधाकडे गेली, दुसऱ्यांदा दुसऱ्या बांधाकडे, तिसऱ्यांदा ट्रॅक्टर आणि ट्रॉली एकमेकांना पाहायला लागले. शेवटी सगळ्यांना खाली उतरवलं, पिन काढली, ट्रॅक्टर शेतातून फिरवून आणला आणि दहा पुरुषांनी ट्रॉली हाताने गोल फिरवली. हे सगळं होईपर्यंत पोरगा बांधावर बसून उरलेला पानगा खात होता.

यात्रेत परत गेलो तेव्हा त्याच्या गावची ट्रॉली तशीच उभी होती. त्यांच्याकडेही मोजणी झाली होती आणि ती बरोबर भरली होती, कारण वाकळीखालची एक पिशवी त्यांनी माणूस म्हणून धरली होती. रडारड अजून सुरूच व्हायची होती. त्याच्या आईने त्याला ओढून घेतलं, पाठीत एक धपाटा घातला आणि विचारलं, तू त्यांच्या ट्रॉलीत गेलास कशाला?

पोरगा तोंडातला पानगा गिळून म्हणाला, "त्याहीच्या ट्राल्लीत तनस जास्त होता."